मांडलेले भोपळे

पहाटे पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि शेल्बी श्रॉक ओल्या मातीत गुडघे टेकून एक भोपळा फिरवत होती. वाळक्या वेलीचं टोक जिथे पडलं होतं, तिथे देठ आणून तिने तो थांबवला. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात भोपळ्याच्या पोटावरचा घाऊक बाजाराचा कागदी शिक्का दिसला. तो नखाने खरवडून तिने खिशात टाकला आणि पुढे सरकली. अजून दीडशे भोपळे मांडायचे होते.

मांडण्याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण होते. रांग दिसता कामा नये. तीन मोठ्यांशेजारी एक वाकडा हवा. बारके भोपळे ट्रॉली थांबते त्या कडेला, चार वर्षांच्या मुलाला उचलता येतील असे. मातीला टेकून वाढलेली फिकट बाजू नेहमी खाली, कारण ज्याने आयुष्यात एकदा तरी भोपळा पिकवलाय तो आधी तेच बघतो. आणि सगळं सातच्या आत आटपायचं. सातनंतर चर्चच्या पहिल्या प्रार्थनेला जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर सुरू होत. त्या गाड्यांतली निम्मी माणसं श्रॉकांची नात्यातली होती आणि उरलेली नात्यातल्यांपेक्षा जास्त चौकस.

इलिनॉयच्या मध्यभागातला हा मळा. बाकीची जमीन मका आणि सोयाबीनची. रस्त्यालगतचे अकरा एकर भोपळ्याचे, ऑक्टोबरात मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांसाठी. सलग तीन वर्षं जुलैच्या पावसाने त्या अकरा एकरांत पाणी साचलं, वेलींवर बुरशी आली आणि फळ देठापाशी कुजलं. पहिल्या वर्षी शेल्बीची सासू लव्हॉन बांधावर उभी राहून म्हणाली होती, ‘‘लोकांना वेलीवरचा भोपळा लागतो ना? मिळेल.’’ तेव्हापासून दोनशे मैलांवरून ट्रक यायचा आणि त्यातले भोपळे पहाटे शेतात ‘पिकायचे’. बाहेर याची वाच्यता नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

‘‘हा बघ,’’ ट्रॅक्टरच्या पुढच्या सुपातून एक जुळा भोपळा काढत व्हर्न म्हणाला. व्हर्न हा लव्हॉनचा दीर, वय एकाहत्तर. ‘‘दोन ढुंगणांचा. पुढे ठेव, पोरं मारामारी करतील यावर.’’

‘‘काल पण असाच होता. तो बायकांनी भांडून नेला.’’

‘‘मग मधे ठेव. बायकांना चालू दे जरा.’’

शेल्बी छत्तीस वर्षांची. हे सगळं सुरू होण्याआधी ती गावातल्या दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. त्या कामात वीस-वीस मिनिटांचे तुकडे असत आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी माणूस उठून निघून जाई, हे तिला आवडायचं. नऊ वर्षांपूर्वी लव्हॉनच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा एका ऑक्टोबरपुरती म्हणून ती मळ्यावर आली. परवाना मात्र तिने सोडला नव्हता. दर तीन वर्षांनी तो नवा करून घ्यायची आणि कपाटात टॉवेलांखाली ठेवायची.

गुरुवारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला होता. एक जागा अचानक रिकामी झालीय. मंगळवारपासून ये. मंगळवार ते शनिवार. सोमवारी सकाळी आठला दवाखाना उघडेल, त्याआधी हो की नाही ते कळव.

आज रविवार होता आणि शेल्बीने अजून लव्हॉनला एक अक्षर सांगितलं नव्हतं. शुक्रवारी शाळेच्या पाच बस होत्या. शनिवारी मक्याच्या भुलभुलैयात एक आजोबा हरवले होते. हरवलोय असं कबूल करायचं नाही म्हणून मदतीचा झेंडा वर न करता ते पाऊण तास फिरत राहिले. आज सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं. दुपारी तीननंतर, तिकीटखिडकीत गर्दी ओसरली की.

तीननंतर, कारण दोन ते तीन हा तास तिने वायटला दिला होता.

वायट सहा वर्षांचा, पहिलीत. गेल्या वर्षी शाळेत सगळ्यांनी ‘आमची भोपळ्यांची सहल’ म्हणून कुटुंबाचा फोटो आणि तीन वाक्यं नेली होती. वायटने काहीच नेलं नाही. बाई म्हणाल्या, तू तर नशीबवान, तू तिथेच राहतोस. घरी येऊन तो पायरीवर बसला आणि म्हणाला, ‘‘आपण तिथे राहतो. आपण तिथे जात नाही.’’

यंदा त्याने सप्टेंबरातच अटी घातल्या. रांगेत उभं राहायचं. तिकीट काढायचं. हातावर शिक्का मारून घ्यायचा. ट्रॉलीत बसून जायचं, मॉमने ट्रॅक्टर चालवायचा नाही. मॉम, डॅडी, हेझल आणि तो.

डॅडी म्हणजे डॅरिन. येत नाही असं तो म्हणाला नव्हता. सकाळी न्याहारीच्या वेळी खिडकीतून आकाश बघत तो म्हणाला, ‘‘सोयाबीन अगदी वाळलंय. मंगळवारी पाऊस सांगितलाय.’’ वायटने हातातला चमचा खाली ठेवला. एवढं पुरलं. त्या भागात नाही म्हणायची पद्धत नाही. अडचण सांगायची पद्धत आहे.

दोनला पाच कमी असताना शेल्बी, वायट आणि त्याची चार वर्षांची बहीण हेझल तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. शेल्बीने मळ्याचं जाकीट काढून घरचा स्वेटर घातला होता, पण कमरेला वॉकी-टॉकी होता. ती लव्हॉनची अट. पंधरा जणांच्या रांगेत तो चार वेळा बोलला. डोनटच्या यंत्राचं तेल तापत नाहीये. बोकडाच्या कुंपणातून कुणाच्या तरी बाळाची टोपी आत गेलीय. बोकडाने टोपी खाल्लीय. बाळाची आई विचारतेय, टोपी बाहेर कधी येईल.

‘‘उद्या,’’ शेल्बी वॉकी-टॉकीत म्हणाली. ‘‘पण घ्यावीशी वाटणार नाही म्हणावं.’’

‘‘मॉम, आपण गिऱ्हाईक आहोत,’’ वायट म्हणाला.

खिडकीत लव्हॉन होती. पांढरे केस, चष्मा दोरीला, पाठ ताठ.

‘‘नमस्कार. श्रॉक मळ्यावर स्वागत,’’ ती नातवाला म्हणाली. ‘‘किती जण?’’

‘‘चार होते. आता तीन.’’

‘‘कुठून आलात?’’

वायटने वळून मागे घराकडे पाहिलं. ‘‘तिथून.’’

‘‘लांबचा प्रवास झाला. दमला असाल.’’ तिने त्याच्या मनगटावर नारिंगी शिक्का मारला. हेझलने दोन्ही मनगटं आणि मग कपाळ पुढे केलं. ‘‘तीनला परत,’’ लव्हॉन सुनेला म्हणाली. ‘‘पिओरियाहून चर्चची दोन बसभर माणसं येतायत.’’

‘‘तीनला मला तुमच्याशी थोडं बोलायचंय, लव्हॉन.’’

‘‘बोल की. मी कुठे चाललेय?’’ आणि मागच्या माणसाकडे बघून, ‘‘नमस्कार. किती जण?’’

ट्रॉलीत पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर तीसेक माणसं बसली होती. शेल्बी मागच्या कोपऱ्यात बसली. नऊ वर्षांत ती या ट्रॉलीत पहिल्यांदाच बसली होती. गठ्ठे टोचतात हे तिला लोकांनी शेकडो वेळा सांगितलं होतं. ते खरोखरच टोचत होते. पुढे ट्रॅक्टरवर व्हर्न. त्याने मागे वळून तिला पाहिलं, टोपी उचलली आणि ओरडला, ‘‘बसलीस? बघा रे, राणीसाहेब बसल्या!’’

ती हसली, पण तिचे हात मांडीवर कुठे ठेवायचे ते तिला कळेना. समोरच्या बाईच्या मुलाचा बूट सुटला होता. तिने वाकून त्याची नाडी बांधली, मग लक्षात आलं की हे तिचं काम नाही.

ट्रॉली मक्याच्या कडेने निघाली. लांबवर, टेकाडाच्या उतारावर, डॅरिनचा हार्वेस्टर धुळीच्या ढगात हळूहळू सरकत होता. वायटने हात हलवला. हार्वेस्टर वळला आणि दुसऱ्या दिशेला गेला.

मग वळण आलं आणि समोर शेत उघडलं. दुपारच्या उन्हात सगळे भोपळे पेटल्यासारखे दिसत होते. ट्रॉलीतून एक सामुदायिक ‘आहा’ निघाला. शेल्बीने तो याआधी ट्रॅक्टरच्या आवाजातून, पाठीमागून ऐकला होता. आज तो तिच्या दोन्ही बाजूंनी आला.

सुटलेल्या बुटाचा मुलगा उभा राहिला. ‘‘मॉमी, हे सगळे इथे उगवले?’’

‘‘हो राजा. आधी बी, मग वेल, मग फूल –’’

‘‘नाही,’’ वायट म्हणाला.

त्याने ते भांडायला म्हणून म्हटलं नाही. चूक दुरुस्त करावी तसं म्हटलं.

‘‘ते ट्रकमधून येतात. माझी मॉम पहाटे ठेवते. एक-एक. डोक्याला दिवा लावून.’’ आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून त्याला हुरूप आला. ‘‘तो तिथला मोठा आहे ना, तो तिच्या पायावर पडला. तेव्हा ती एक शब्द म्हणाली. मला तो म्हणायची परवानगी नाहीये.’’

माणसांच्या नजरा वायटवरून हेझलच्या कपाळावरच्या शिक्क्यावर, तिथून शेल्बीच्या कमरेच्या वॉकी-टॉकीवर आणि तिथून तिच्या हातांवर गेल्या. नखांत पहाटेची माती होती.

‘‘खरं आहे का हे?’’ मुलाच्या आईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

शेल्बीला तीन वर्षं एक वाक्य पाठ होतं: यंदा पीक जरा लवकर तयार झालं, म्हणून काही वेलीवरून सुटलेत. ते तिच्या जिभेवर आलंही. पण वायट तिच्याकडे बघत होता.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘जुलैत पाणी साचलं. वेली गेल्या. भोपळे बाहेरून आणतो आणि मी मांडते.’’

मग मधल्या गठ्ठ्यावरचे एक जाडजूड आजोबा खाकरले. ‘‘गेल्या वर्षी माझ्या भोपळ्याला खाली शिक्का होता. मिशिगनचा.’’

‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’’ त्यांच्या बायकोने विचारलं.

‘‘कशाला? चांगला होता भोपळा.’’

‘‘मला वाटलं तुम्हीच तो शिक्का लावलात.’’

‘‘मी भोपळ्याला मिशिगनचा शिक्का का लावेन, डोरिन?’’

ट्रॉली हसली. सुटलेल्या बुटाच्या मुलाची आई हसली नाही, पण तिचा मुलगा तोवर उडी मारून खाली उतरलाही होता. मागोमाग सगळी मुलं. पाचच मिनिटांत तीसही माणसं शेतात पसरली आणि कालच्यासारखीच, परवासारखीच, वाकून-वाकून देठ तपासू लागली. दोघा बहिणींमध्ये जुळ्या भोपळ्यावरून जुंपलीही.

व्हर्न ट्रॅक्टरवरून उतरून आला. ‘‘काय झालं? मघाशी हसत काय होते?’’

‘‘वायटने सगळं सांगितलं.’’

व्हर्नने शेताकडे पाहिलं. ‘‘आणि तरी वाकतायत?’’

‘‘वाकतायत.’’

‘‘छ्या,’’ तो म्हणाला. ‘‘तीन वर्षं माझी कंबर फुकट गेली.’’

हेझलने खूप फिरून, खूप विचार करून, एका बाजूने हिरवा राहिलेला लिंबाएवढा भोपळा निवडला. वायटला फोटो हवा होता. डोरिनबाईंनी शेल्बीचा फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘‘हसा!’’ त्याच क्षणी वॉकी-टॉकी बोलला. ‘‘शेल्बी? शेल्बी, ये गं. बस लवकर आल्यात.’’ फोटोत वायट समोर बघतोय, हेझल भोपळ्याकडे आणि शेल्बी कमरेकडे. दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती. वायटने फोटो नीट पाहिला आणि चालेल म्हणाला.

चर्चची माणसं मार्गी लागेपर्यंत सव्वाचार झाले. मुलं आत पीनट बटरची सँडविच खात होती. शेल्बी तिकीटखिडकीच्या मागच्या दाराने आत गेली. तिथे एक उंच स्टूल, एक कॉफीचा थर्मास आणि भिंतीवर कामांच्या पाळ्यांचा तक्ता होता.

‘‘तुझ्या मुलाने आख्ख्या ट्रॉलीला सांगितलं म्हणे,’’ लव्हॉन वळून न बघता म्हणाली.

‘‘सहा वर्षांचा आहे तो. खोटं बोलायचं अजून शिकवलेलं नाही.’’

‘‘ते आजीने शिकवायचं असतं. माझ्याकडून राहून गेलं.’’ तिने थर्मासचं झाकण फिरवलं. ‘‘तीन जणांनी विचारलं मला. दोघं म्हणाले, छान मांडता. बोल, काय बोलायचं होतं?’’

शेल्बीने वाक्य तयार ठेवलं होतं. गुरुवारपासून ते तिने गाडीत, आंघोळीत, भोपळे मांडताना घासलं होतं. ‘‘दवाखान्यातून बोलावणं आलंय. मंगळवारपासून.’’

‘‘माहितीये.’’

‘‘कसं?’’

‘‘डॉक्टरीणबाईंची आई चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. आज सकाळी स्तोत्र चालू असताना सांगितलं. मी म्हटलं, शेल्बी सांगेल तेव्हा सांगेल.’’

नऊ वर्षं ज्या क्षणाची भीती वाटत होती, तो हा इतका साधा. आता फक्त पुढचं वाक्य म्हणायचं होतं. मला जायचंय. दोन शब्द. ती म्हणाली, ‘‘पहाटे पाचला इथे आणि आठला तिथे, हे जमणार नाही, लव्हॉन.’’

लव्हॉन तिच्याकडे वळली. चष्मा नाकावर चढवून तिने सुनेकडे नीट पाहिलं. मग खिडकीखालचा एक पुठ्ठा ओढला, मार्कर घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहू लागली. भोपळे यंदा बाहेरगावचे. खोक्यातून निवडा.

‘‘झालं,’’ ती म्हणाली. ‘‘उद्यापासून मांडायचं नाही. शेतात खोकी ठेवायची. पहाट तुझी तुला परत.’’

‘‘पण –’’

‘‘बरोबर आहे तुझं. मलाच आधी कळायला हवं होतं.’’ लव्हॉनच्या तोंडून हे वाक्य या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. ‘‘आठवड्यातल्या शाळेच्या बस मी आणि व्हर्न बघू. सोमवारच्या तेवढ्या तू घे. दवाखाना कर ना. कोण नको म्हणतंय? कर.’’

खिडकीवर टकटक झाली. लव्हॉनने एका बाईला चार तिकिटं दिली. शेल्बी दाराला टेकून उभी होती. सासू भांडली असती तर ती निघून गेली असती. तिची तयारी भांडणाची होती. समोर एक म्हातारी बाई तिची अडचण सोडवत होती, तीही मनापासून. अडचण सुटली की निघून जायला माणसाकडे कारण उरत नाही.

मग तिला आठवलं आणि जवळजवळ आनंदाने ती म्हणाली, ‘‘त्यांना शनिवार लागतात. मंगळवार ते शनिवार.’’

‘‘हं.’’ लव्हॉनने मार्करचं टोपण लावलं. ऑक्टोबरचा शनिवार म्हणजे बाराशे माणसं. इथे तीही काही करू शकणार नव्हती, हे दोघींना दिसत होतं. ‘‘मग त्यांना कळव, शनिवारची अडचण आहे म्हणून. बघ काय म्हणतात.’’

शेल्बी बाहेर आली. डोनटच्या टपरीमागे, रिकाम्या तेलाच्या डब्यांपाशी उभी राहून तिने फोन काढला. मनात हिशेब सरळ होता. डॉक्टरीणबाई म्हणणार, शनिवार तर हवाच. मग एकीला नाही म्हणावंच लागेल. कुणाला का होईना. निदान निवडावं लागेल, आणि एकदा निवडावं लागलं की ती काय निवडेल हे तिला माहीत होतं. तिने लिहिलं: यायचं आहे. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या शनिवारची अडचण आहे.

तिने फोन खिशात ठेवला. टपरीत नव्या घाण्याचे डोनट तेलात पडले. ते एका बाजूने फुलून यंत्राने उलटवेपर्यंतच्या वेळात उत्तर आलं.

‘‘बस, एवढंच? शनिवार सोडून दे गं, दुसरी मुलगी करेल. मंगळवार ते शुक्रवार तू. काही अडचण नाही. उद्या येऊन सही कर.’’ शेवटी हसऱ्या दाताचं एक चित्र.

शेल्बीने ते दोनदा वाचलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मग शनिवार, रविवार, सोमवार. बोटांवर मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजलं. सात.

‘‘काय म्हणाल्या?’’ ती परत आल्यावर लव्हॉनने खिडकीतून विचारलं.

‘‘काही अडचण नाही म्हणाल्या.’’

‘‘बघ,’’ लव्हॉन म्हणाली. ‘‘बोललं की सुटतं.’’ तिला खरंच बरं वाटलं होतं. तिने भिंतीवरचा तक्ता खाली घेतला, मंगळवार ते शुक्रवारच्या चार रकान्यांतलं शेल्बीचं नाव खोडलं आणि तक्ता परत खिळ्याला अडकवला.

‘‘लव्हॉन,’’ शेल्बी म्हणाली.

‘‘काय गं?’’

खिडकीसमोर एक कुटुंब येऊन उभं राहिलं होतं. बाप, आई, दोन मुलं, एक ढकलगाडीत. वॉकी-टॉकी म्हणत होता की भुलभुलैयात पूर्वेच्या कोपऱ्यात कुणीतरी झेंडा वर केलाय.

‘‘काही नाही. मी जाते मक्यात.’’

उद्या सोमवार. दवाखाना आठला उघडतो; सहीला दहा मिनिटं लागतील. शाळेची पहिली बस सव्वानऊला येईल, त्रेसष्ट मुलं आणि सात शिक्षिका. तक्त्यावर ट्रॅक्टरच्या रकान्यात शेल्बीचं नाव आहे.